टाचेखालची पट्टी

मी पडल्यापासून खुशाल माझ्याशी फार गोड वागून राहिला आहे आणि मला ते खपत नाही. माझा मुलगा गोड नाही. लहानपणीही नव्हता. ड्युटीवरून आला की चपला कोपऱ्यात फेकायच्या, 'जेवली का' एवढं विचारायचं, तेही उत्तराला न थांबता, आणि खाटेवर आडवं व्हायचं, ही त्याची रीत. ती मला चालत होती. आता तीन आठवडे झाले, येताना आंबे आणतो. स्वतः धुतो, स्वतः पिळतो, रसात दशी राहू देत नाही, जसं काही माझ्या तोंडात एकही दात नाही. चहा बशीत ओतून फुंकर घालून पुढे करतो. मी संडासात गेले की बाहेर उभा राहून विचारतो, माय, आहेस न. आहे, जाते कुठी. मीरासुद्धा, म्हणजे त्याची बायको, एवढं करत नाही. ती शाळेत मास्तरीण आहे, तिला माणसांना रांगेत बसवायची सवय आहे, ती मला सरळ दटावते आणि तिचा मला राग येतो, तो आला तसा जातो. खुशालचा राग जात नाही. कारण तो रस देतो तेव्हा वाटीकडे पाहतो, चहा देतो तेव्हा बशीकडे पाहतो, आणि माझ्या प्लास्टरातल्या हाताखाली उशी सरकवतो तेव्हा उशीकडे. तीन आठवड्यांत त्याने एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलेलं नाही.

पडले ती खुशालच्या ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या क्वार्टरात, दिवसाउजेडी, कोरड्या फरशीवर. मीरा बाजारात गेली होती. शाळेला सुट्टी होती आणि सुट्टीत ती फरशी स्वतःच पुसायची, मला हात लावू द्यायची नाही, कारण मी पुसते ते तिला पुसणं वाटत नाही. ती उभ्याने, काठीला फडकं गुंडाळून, दारातून आत पुसत जाते आणि मग आपल्याच ओल्यावर पाय देऊन बाहेर येते. मी बसून पुसते. आतल्या भिंतीपासून सुरू करायचं आणि मागे मागे सरकत दाराशी यायचं, जसं घर सारवतात तसं. सारवताना कोणी पुढे पाहत नाही. हात पुढे चालतो आणि पाय मागे, आणि दार आलं हे डोळ्यांना नाही, टाचेला कळतं. उंबरठा टाचेला लागला की थांबायचं, वळायचं, उठायचं. इथे चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, कोळशाची धूळ रोज सकाळी पांढऱ्या कपबशीवर बोटाने नाव लिहावं एवढी बसते. ती पाहून मला राहवलं नाही. मीरा गेली, मी फडकं घेतलं. चुलीचा ओटा झाला, पाण्याच्या माठांच्या घिनोचीखाली झालं, मागचं दार आलं असेल म्हणून डावी टाच मागे नेली, आणि टाचेखाली काहीच नव्हतं. तेवढंच मला आठवतं. माणूस अंधारात शेवटची पायरी समजून पाय टाकतो आणि पायरी नसते, तसं. मग मागच्या पायरीवर माझा हात माझ्याच अंगाखाली, आणि कमरेत कोणी मुसळ घातल्यासारखं, आणि वर आभाळ, आणि आभाळात खुशालचं तोंड. तो रात्रपाळी करून समोरच्या खोलीत झोपला होता. मी तोंड उघडायच्या आधी तो म्हणाला, "चक्कर आली तुले, माय." विचारलं नाही. सांगितलं.

मला बोलायला जीव नव्हता. शेजारची गुणाबाई धावत आली, तिला त्याने सांगितलं चक्कर आली. दवाखान्यातल्या डॉक्टराने मला विचारलं, आजी कशा पडल्या, तर उत्तर त्यानेच दिलं. डॉक्टर पोरगा चांगला होता, पण मुलगा बोलत असताना म्हातारीला कोण विचारतं. त्याने कागदावर लिहिलं. चक्कर येऊन पडल्या, एकट्या ठेवू नये. मी बुद्धाच्या दीक्षेनंतर कंदिलाच्या वर्गात अक्षरं शिकले, जोडाक्षर अजून मला अडतं, 'एकट्या'पाशी अडलेही, पण 'ठेवू नये' यात अडावं असं काही नाही. तो कागद मीराने टीव्हीच्या कपाटात जपून ठेवला आहे. त्या तीन शब्दांनी माझं घर गेलं. ब्रह्मपुरीच्या अलीकडे आमचं गाव आहे, दोन खोल्या, पुढे पडवीसारखी सपरी, मागे धानाच्या चार बांध्या. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी नानाजी वारला, माझा मालक, तेव्हापासून मी उन्हाळ्यात खुशालकडे येते आणि मिरग लागला की एसटी धरून घरी जाते. धान कापून, मळून, पोती लावून, होळीपर्यंत एकटी राहते. चार वर्षांत कोणाला माझं काही करावं लागलं नाही. यंदा मिरग लागला आणि मी इथेच. माझ्या बांधीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सोनीबाईने टाकले, तिचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून आहे. आणि मागच्या रविवारी मीरा कणीक मळता मळता म्हणाली की आई, यंदा रोवण्याला काही जायचं नाही, आणि पुढेही काही नाही, हे म्हणतात की बांध्या गावातल्या लटारूला वाहायला देऊन टाकू आणि घराला कुलूप लावू, तुम्हाला परत चक्कर आली तर तिथे उचलणारं कोण. ती चिमूरची आहे. मी म्हटलं, तुमच्या गावची माणसं बेचाळीसला गोऱ्या साहेबाला भ्याली नाहीत आणि तू एका म्हातारीच्या पडण्याला भितेस. ती हसली, पण कुलुपाचं बोलणं मागे घेतलं नाही. खुशाल तिथेच बसला होता. तो आंब्याची साल पाहत होता.

खरं दुःख हाताचं नाही. हाड जुळतं. मला टोचतं ते असं की मी मागे चालताना पडले. मागे चालणं हे माझं आयुष्य होतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, पुढे चालून होत नाही. वीस बायांची ओळ, गुडघ्याएवढा चिखल, कमरेत वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हाताने रोप चिखलात खोचायचं आणि एक पाय मागे, मग दुसरा मागे. पुढे जे दिसतं ते झालेलं काम, हिरवं, आणि मागे काय आहे ते कोणी पाहत नाही. मागे खेकड्याचं बीळ असतं, काल बैलाच्या खुराने पडलेला खड्डा असतो, शेवटी बांधीचा धुरा, मातीचा बांध, असतो. ते सगळं टाच सांगते. माझी टाच एवढी जाणती होती की ओळीच्या कडेला मलाच धरायचे, कारण कडेची बाई चुकली की सगळी ओळ वाकडी होते. खुशाल पोटात आठ महिन्यांचा असतानाही मी रोवलं, मागे मागे, आणि बसले नाही. चाळीस पावसाळे मी उलटी चालले आणि चिखलाने मला कधी पाडलं नाही, आणि इथे सिमेंटने पाडलं. पहिले काही दिवस मी रात्रंदिवस त्या टाचेलाच विचारत होते, बाई, तू काऊन चुकलीस.

कारण तिथे पट्टी होती. मागच्या दाराला उंबरठा नाही, सरकारने क्वार्टर बांधताना चौकटीला खालचं लाकूडच दिलं नाही, फरशी संपते आणि एकदम हातभर खोल पायरी. मी पहिल्यांदा आले तेव्हाच म्हणाले होते की हे घर आहे का गोठा, याला उंबरठा कुठे आहे.  खुशाल पुढच्या फेरीत गावी आला तेव्हा आमच्या मोडक्या बैलबंडीची एक सागाची फळी त्याने बसमध्ये मांडीवर घेऊन नेली. कंडक्टर भांडला. इथल्या कारखान्यातल्या सुताराकडून ती तासून घेतली, चौकटीच्या दोन पायांमध्ये खिळ्यांनी ठोकली, तीन बोटं उंच. आणि आतली कड त्याने गोल घासून घेतली होती, कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, तुह्या टाचेले लागीन म्हणून. एवढं बोलून ड्युटीवर गेला. असा हा मुलगा. मी ती गोष्ट मनात ठेवली होती, जशी बाई लुगड्याच्या टोकाला गाठ मारून ठेवते. गावात सगळे म्हणत की खुशाल बापावर गेला, नानाजीसारखा, बोलायला कमी आणि आतून सरळ. नानाजी खोटं बोलला असं जिवंतपणी कोणी म्हटलं नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. वाटायचं, बरं झालं, माझ्यावर नाही गेला.

तर पट्टी होती, टाच मागे गेली, आणि पट्टी लागली नाही. मग मी काय समजावं. एक तर मी पट्टी ओलांडून गेले आणि मला कळलं नाही, म्हणजे माझी टाच मेली. नाही तर खरंच चक्कर आली. दिवसातून दहा वेळा चार माणसं तुम्हाला सांगतात की तुम्हाला चक्कर आली, तर अकराव्या वेळी तुमचं डोकं आपोआप फिरतं. मीरा मला खाटेवरून उठताना दंडाला धरते आणि तिने धरलं की माझा पाय खरंच लटपटतो, धरलं नाही तर लटपटत नाही. गुणाबाई रोज येऊन विचारते, गिरजाबाई, आज कसं आहे डोकं. हात तुटला आणि विचारतात डोक्याचं. आणि खोटं का बोलू, मागच्या उन्हाळ्यात दोनदा, उकिडवं बसून उठताना, माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं होतं. मी भिंत धरून उभी राहिले, ते गेलं, आणि मी कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे मी छाती ठोकून म्हणूही शकत नव्हते की मला चक्कर येतच नाही. म्हणायचं तर सांगावं लागणार की मीराने नको म्हटलेलं काम मी तिच्या पाठीमागे केलं, खेड्यातल्या बाईसारखी सिमेंट सारवायला बसले, आणि उलटी चालत दाराबाहेर पडले. लोक हसले असते. तीन आठवडे मी गप्प राहिले. मागच्या दाराशी मला कोणी जाऊच दिलं नाही, आतून वरची कडी, माझं हाततोंड धुणं सगळं आत मोरीवर. मला दुखत होतं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला मला सारखी रुखमाबाई दिसत होती.

रुखमाबाई माझी सासू. चाळीस वर्षांमागची गोष्ट, नानाजी तेव्हा जंगलात बांबू तोडायला जायचा, आठ-आठ दिवस. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पण तिला कोणी धरलेलं चालायचं नाही. म्हणून नानाजीने तिच्या खाटेपासून सपरीच्या खांबापर्यंत कमरेएवढा उंच दोर बांधून दिला होता, बंडीवर ओझं आवळतात त्या गाठीने, ओढावी तशी घट्ट होणारी. त्या दोराला हात लावत म्हातारी सपरीत यायची, सपरीतून काठी टेकत थेट बांधीच्या धुऱ्यावर. रोवण्याच्या दिवसांत धुऱ्यावर बसून बायांना शिव्या द्यायची. तिला दिसत नव्हतं तरी कोणाचं रोप तिरपं लागलं ते तिला पाण्याच्या आवाजावरून कळतं असं बाया म्हणायच्या. मला सगळ्यात जास्त शिव्या बसायच्या. त्या सकाळी रोवणा होता, पेंड्यांचे भारे बांधायला दोर पुरेना, बाया खोळंबलेल्या, म्हातारी झोपलेली. मी तिचा दोर सोडला. येऊन लावीन, असं मनात म्हटलं, म्हटलं होतं हे खरं आहे. बांधीत गेले आणि विसरले. दुपारी पाणी न्यायला आले तर रुखमाबाई सपरीच्या कडेखाली पडलेली, मांडीचं हाड गेलेलं, आणि एक हात अजून वर, हवेत, जिथे दोर असायचा तिथे.

मी बावीस वर्षांची होते. नानाजी मारणारा नव्हता, पण तो त्याच्या आईसाठी मला माहेरी धाडून देईल याची मला खात्री होती. शेजारणी जमल्या तेव्हा माझ्या तोंडातून गेलं, चक्कर आली तिले. कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. संध्याकाळी पेंड्यांचा दोर घरी आणून परत होता तसा खाटेपासून खांबापर्यंत बांधला. नानाजी दोन दिवसांनी आला, त्याला दोर जागच्या जागी दिसला, म्हणजे चक्करच. म्हातारी त्यानंतर तीन वर्षं जगली. हाड वाकडं का होईना, जुळलं, तिला काठीने चालता आलं असतं. पण चक्कर येते म्हणून मीच तिला उठू दिलं नाही. मी तिचं फार केलं. कण्या मऊ शिजवून भरवल्या, अंग पुसलं, केस विंचरले, गावात नाव झालं की गिरजासारखी सून मिळायला नशीब लागतं. धुऱ्यावर ती परत कधी आली नाही. तिने मला कधी काही म्हटलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. तिच्या शिव्या बंद झाल्या याचाच मला त्रास व्हायचा. आणि त्या दोराला तिने पुन्हा हात लावला नाही. तीन वर्षं दोर तिच्या डोक्याशी लोंबत राहिला आणि ती त्याच्याकडे पाठ करून निजायची. मला वाटायचं भ्याली. पुढे छप्पनला आम्ही चांद्याला दीक्षा घेतली, खुशाल पाच वर्षांचा होता, नानाजीच्या खांद्यावर. सगळ्यांनी पाच शीलं म्हटली. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही असं, तेव्हा मी ओठ हलवले आणि आवाज काढला नाही. तेव्हापासून आजपर्यंत विहारात दर वेळी चौथ्या शीलाला माझा आवाज बंद असतो. शेजारी उभ्या असलेल्या बाईला कळत नाही, एवढ्या आवाजात कोणाचा एक आवाज कमी आहे ते.

आज मीराची शाळा उघडली. खुशाल पहिल्या पाळीला गेला. मीरा जाताना गुणाबाईला सांगून गेली की तासाभराने डोकावत जा. गुणाबाई एकदा डोकावली, डोक्याचं विचारलं, आणि तिच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून गेली. घरात तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी नव्हतं. मी खाटेखाली पाय सोडले. कोणी दंड धरला नाही, पाय लटपटला नाही. भिंतीला उजवा हात लावत स्वयंपाकखोलीत आले, मागच्या दाराची कडी काढली. मनात मी जवळजवळ ठरवूनच आले होते. पडायच्या आदल्या दिवशी खुशालची नवी लुना स्वयंपाकखोलीत उभी होती, पेट्रोलच्या वासाने मी जेवले नव्हते, मी बडबडले होते की माणसं कमी पडली का आत ठेवायला. कॉलनीत सायकली चोरीला जात होत्या म्हणून तो ती आत घेऊ लागला होता. पुढच्या दाराला तीन पायऱ्या, मागच्या दाराला एकच. आणि मी पडल्यापासून ती लुना पुढच्या दाराशी साखळीने बांधलेली असते. म्हणजे त्याने गाडीसाठी पट्टी काढली असणार. टाच चुकली नसणार. मी दार उघडलं, आणि पट्टी होती. जागच्या जागी. दोन्ही बाजूंना खिळे, मध्ये सागाची फळी, तीन बोटं उंच. तिच्यावर कोळशाची धूळसुद्धा बसलेली. मी तिथेच फरशीवर बसले. मला रडू येत नाही, नानाजी गेला तेव्हाही आलं नव्हतं. म्हणजे चक्करच. म्हणजे कुलूप. म्हणजे मी आपल्या मनाने पोटच्या पोरावर आळ घेत होते, आणि तो बिचारा आंबे पिळत होता. बाहेर मुनग्याच्या झाडाखाली कोणाची कोंबडी पाय खरडत होती. मी बसले तशीच, फडकं हातात असल्यासारखी, दाराकडे पाठ केली. म्हटलं, एकदा शेवटचं विचारून घेऊ. डावी टाच मागे नेली. पट्टी लागली.

लागली आणि टोचली. मी टाच सरकवली. इकडे टोचली, तिकडेही टोचली. इतके उन्हाळे मी त्या पट्टीला टाच लावली आहे, ती कधी टोचली नाही. मी वळले, बोट फिरवलं. आतली कड धारदार, जशी करवतीतून निघते तशी. हात पलीकडे नेला, पायरीच्या बाजूला. बाहेरची कड गोल. माझ्या टाचेसाठी घासलेली ती गोल कड आता बाहेरच्या पायरीकडे तोंड करून होती, तिथे कोणाची टाच येत नाही. घाईत ठोकली की असं होतं. दवाखान्यात एक्स-रे काढल्यावर खुशाल म्हणाला होता की दवाखान्याचं कार्ड घरी राहिलं, घेऊन येतो. घर दहा मिनिटांवर, तो तासाने आला होता. आल्यावर त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, आणि मी माझ्या दुखण्यातही त्याला विचारलं होतं, काय लागलं रे तुले.

मी त्या पट्टीवर हात ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. टाच खरी निघाली याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला दोर दिसत होता. चाळीस वर्षं मी समजत होते की रुखमाबाई भ्याली म्हणून दोर धरत नव्हती. मी बांधला होता तो दोर. आणि मला एकच गाठ येते, पेंडीची. रोवताना बांधीत पेंडी भिरकावली की हाताच्या एका झटक्यात सुटली पाहिजे, अशी गाठ. नानाजीची गाठ ओढली की आवळायची, माझी ओढली की सुटायची. आंधळ्या म्हातारीने पहिल्याच संध्याकाळी उशाशी चाचपून पाहिलं असणार. तिच्या बोटांनी तिला सगळं सांगितलं असणार, कोणी सोडला, कोणी बांधला, आणि आता धरला तर काय होईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातच्या कण्या खाल्ल्या, तोंड उघडून, एका शब्दाशिवाय, कारण दुसरं भरवणारं कोणी नव्हतं. तीन वर्षं तिला ठाऊक होतं. तीन वर्षं मी तिला भरवताना वाटीकडे पाहत होते.

पावणेतीनला लुनाचा आवाज आला. साखळी वाजली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, आंबे असणार. मग खाट रिकामी दिसली असेल, कारण तो पळत आला, आणि मला दारात पाहून जागीच थांबला.

"माय, इथी काऊन बसली? चक्कर आली तर—"

"बस," मी म्हणाले.

तो बसला नाही. त्याने दाराकडे पाहिलं, मग फरशीवरच्या माझ्या पायाकडे. टाच पट्टीला लावलेली होती. तोंडाकडे मात्र अजून पाहत नव्हता.

"अंगठा बरा झाला का?"

"कोणता अंगठा?"

"हातोडी लागली होती तो."

 बाहेरची कोंबडी पायरीवर आली आणि गेली. मग तो भिंतीला टेकून खाली बसला, लहानपणी मार खायच्या आधी बसायचा तसा, गुडघे छातीशी घेऊन. पस्तिशीचा माणूस, कानाशी दोन केस पांढरे. म्हणाला की गाडी आत घ्यायला पट्टी काढली होती, सकाळी ड्युटीवरून आला तेव्हा झोपेचे डोळे होते, उठल्यावर लावू म्हटलं. लावायचंच होतं. लावीन म्हटलं होतं, खरंच म्हटलं होतं. मी म्हटलं, मला माहीत आहे. तो म्हणाला, मीराला माहीत नाही. मी म्हटलं, तेही मला माहीत आहे.

"चक्कर काऊन म्हटलंस?"

"तोंडातून निघून गेलं, माय. एकदा गेलं मग सगळे तेच बोलून राह्यले. मले मागे घेताच नाई आलं."

त्याने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी पाहिलं आणि मला वाटलं होतं तसं त्या डोळ्यांत नानाजी नव्हता. बावीस वर्षांची एक बाई होती, चिखलाने भरलेले पाय, हातात दोर. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि एकच हात मोकळा होता, म्हणून दोन्ही राहिलं. तो म्हणाला, पट्टी सरळ करून लावतो, आत्ता लावतो, तू इथेच राहा, मी तुला काही कमी पडू देणार नाही. मला ठाऊक होतं की तो पडू देणार नाही. रुखमाबाईलाही मी काही कमी पडू दिलं नव्हतं.

मी चौकट धरली आणि उठले. तो हात द्यायला आला, मी त्याला हाताने थांबवलं. उभी राहून, तोल सावरून, लुगडं नीट करून मग बोलले, म्हणजे त्याला कळावं की उभ्या माणसाने म्हटलं आहे.

"संध्याकाळी मीराले सांग, अन् उद्या डॉक्टरले. तो कागद फाडून दुसरा लिहून घे. परवा मले ब्रह्मपुरीच्या गाडीत बसवून दे, हाताले प्लास्टर राहू दे, धुऱ्यावर बसाले हात लागत नाई. गावचे लोक म्हणत, खुशाल बापावर गेला. नाई रे बाबू. तू माह्यावर गेला. अन् माह्यासारख्याच्या हाती म्हातारं माणूस देऊ नये."